ट्रक भरायच्या आधीच सगळं ठरव

पत्र थोडक्यात असं:

"ताई, नवऱ्याला बंगळूरला नोकरी लागलीये, तो एप्रिलपासून तिकडेच आहे. मी, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी अजून पुण्यात, सिंहगड रोडला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मे अखेरीस जायचंय. एका साईटवर पॅकर्स-मूव्हर्सची चौकशी टाकली तर दहा मिनिटांत अकरा फोन आले आणि भाव १६ हजारांपासून ५२ हजारांपर्यंत! १६ हजारवाला म्हणतोय आजच ५ हजार टोकन भरा नाहीतर ऑफर जाईल. सामान टूबीएचकेचं, फ्रीज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, टीव्ही, अ‍ॅक्टिव्हा, माहेरचं सागवानी कपाट, आणि सासूबाईंच्या चिनी मातीच्या बरण्या नि पाटा-वरवंटा, त्या म्हणतात पाट्याशिवाय मी येणारच नाही. नवऱ्याची कंपनी बिल दाखवलं की पैसे देणार आहे. एकटीने कसं ठरवू, कुणावर विश्वास ठेवू? — बंगळूरला निघालेली"

अगं, आधी एक काम कर, ते ५ हजार भरू नकोस. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल पण टोकन भरू नकोस. घर न बघता, सामान न बघता, फोनवर "टूबीएचके आहे ना मॅडम, १६ हजार फायनल" म्हणणारा माणूस तुला भाव सांगतच नाहीये, तो फक्त तुझं सामान स्वतःच्या ताब्यात कसं येईल ते बघतोय, आणि मी हे इतकं ठामपणे का म्हणतेय ते सांगते.

माझा नवरा बँकेत, त्यामुळे सांगली, जळगाव, नागपूर, हैदराबाद, पुणे अशी आमची घरं बदलत गेली. २०१३ मध्ये नागपूरहून हैदराबादला जाताना मी अगदी हेच केलं होतं. सगळ्यात कमी भाव, १९ हजार, फोनवर ठरलेला, कुणी घर बघायला आलं नाही, मला वाटलं बरंच झालं, कोण त्या पसाऱ्यात माणसं घरात घेणार. सकाळी पोरं आली, भराभर बांधलं, दुपारी गाडी गेली, आम्ही रेल्वेने पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री फोन, की सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं, अजून १४ हजार टाका मग गाडी पुढे सोडतो. रिकाम्या घरात सतरंजीवर आठ वर्षांचं लेकरू झोपलेलं, भांडं नाही, गादी नाही, ओळखीचं कुणी नाही. भरले आम्ही १४ हजार. तरी सामान नवव्या दिवशी आलं, तेही वेगळ्याच ट्रकमधून. वॉशिंग मशीनचा ड्रम खिळखिळा, आईच्या शिलाई मशीनचं लोखंडी पायडल गायब, ते आजतागायत मिळालं नाही. आणि इन्शुरन्स म्हणून जे ६ हजार आधीच घेतले होते त्याची पॉलिसी मागितली तर म्हणाले "ती आमच्या कंपनीची अंतर्गत असते". म्हणजे नव्हतीच.

त्या रात्री मला जे कळलं तेच तुला सांगायचंय. सामान घरात असेपर्यंत सगळा जोर तुझा असतो, गाडीत चढलं की सगळा त्यांचा. म्हणून जे काही ठरवायचं, विचारायचं, भांडायचं, लिहून घ्यायचं ते हमालाने पहिला खोका उचलायच्या आधी. नंतर तुझ्या हातात फक्त कागद राहतो, म्हणून तो कागद चांगला असला पाहिजे.

आता त्या १६ हजारांचा हिशोब आपणच करू. पुणे-बंगळूर साधारण ८४० किलोमीटर, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा सरळ हायवे. टूबीएचकेचं भरलेलं सामान आणि अ‍ॅक्टिव्हा म्हणजे १४ फुटी नाहीतर १७ फुटी गाडी लागणार. भरलेल्या गाडीला सात-आठचं अ‍ॅव्हरेज धरलं तर १०५-१२० लिटर डिझेल, लिटरला नव्वदच्या आसपास, म्हणजे दहा हजारांच्या आसपास तर नुसतं डिझेलच गेलं. मग टोल, ड्रायव्हरचे दोन-तीन दिवस, इथले चार हमाल, तिथले चार हमाल, तुझा तिसरा मजला बिनलिफ्टचा, पॅकिंगचे खोके, बबल रॅप, कोरुगेटेड शीट, गाडीचा परतीचा फेरा. १६ हजारात हे बसतच नाही गं, कुणालाच बसत नाही. बसतं ते दोनच प्रकारे, एक तर नंतर पैसे उकळायचे, नाहीतर तुझं सामान दुसऱ्या तिघांच्या सामानाबरोबर एकाच गाडीत कोंबायचं, ज्याला पार्ट लोड म्हणतात.

पार्ट लोड वाईटच असतं असं नाही हं. एकट्या मुलाचे चार खोके, एक गादी, एक बाईक असेल तर पार्ट लोडच घ्यावं, उगाच अख्ख्या गाडीचे पैसे का द्यायचे. पण त्यात होतं काय, की सामान आधी त्यांच्या गोडाऊनला जातं, तिथे उतरतं, त्या गावचं पुरेसं सामान जमेपर्यंत पडून राहतं, मग दुसऱ्या गाडीत चढतं, कधीकधी मध्ये हुबळीला परत उतरतं. प्रत्येक चढ-उतारीला काहीतरी फुटतं, खरचटतं, हरवतं. तुझं घर अख्खं आहे, बरोबर म्हातारं माणूस आणि लहान मुलगी आहे, तुला पोचायची तारीख पक्की पाहिजे, म्हणून तू सरळ विचारायचं, गाडी आमच्या एकट्याची का, आणि इथून निघाली की थेट बंगळूरच्या दारात उभी राहणार का मध्ये गोडाऊनला खाली होणार? उत्तर कोटेशनवर लिहून घ्यायचं, गाडी किती फुटी तेही लिहून घ्यायचं. आणि मे अखेर म्हणजे वळिवाचे दिवस, ताडपत्रीवर भागवणारी उघडी गाडी नको, बंद कंटेनर बॉडी माग, चार पैसे जास्त गेले तरी. भिजलेल्या गाद्या नि फुगलेलं प्लाय परत नीट होत नाही.

मग चांगला माणूस ओळखायचा कसा? माझं उत्तर एकच, जो घरी येऊन सामान बघतो तो. व्हिडिओ कॉलवर बघणारेही असतात, अगदीच अडचण असेल तर चालेल, पण तू पुण्यात आहेस, त्यांना घरी बोलाव. आणि आलेला माणूस काय करतो ते बघ. २०१७ ला हैदराबादहून पुण्याला येताना एक जण आला होता, त्याच्या हातात साधी वही. त्याने स्वतः माळा उघडायला लावला, बेडच्या बॉक्समध्ये काय आहे विचारलं, बाल्कनीतल्या कुंड्या मोजल्या आणि कुंड्या आम्ही नेणार नाही हे तिथेच सांगितलं, कपाट उघडून हात लावून म्हणाला हे सुटं होणार नाही, जिन्यावरून तसंच काढावं लागेल, मग खाली जाऊन गेटपासून जिन्यापर्यंत किती पावलं आहेत ते बघून आला. सगळ्यात स्वस्त कोटेशनपेक्षा त्याचं ७ हजारांनी जास्त होतं. मी तेच घेतलं. एक कप फुटला नाही, आणि ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला नाही. जो आधी नीट बघतो त्याला नंतर "सामान जास्त निघालं" म्हणता येत नाही, कारण त्यानेच लिहिलेलं असतं.

तुझ्या अकरा फोनांमधले मधल्या भावाचे, ३१, ३५, ३८ हजारांच्या आसपासचे जे असतील त्यांना बोलाव, तिघांना, वेगवेगळ्या वेळी. ते फोन आले कसे हेही सांगते, त्या साइट तुझा नंबर एकाच वेळी पाच-दहा जणांना विकतात, त्यामुळे साइटवर नाव दिसतंय म्हणजे कुणी तपासलंय असं अजिबात समजू नकोस. त्यापेक्षा तुझ्या सोसायटीत किंवा ऑफिसात गेल्या वर्षभरात कोण लांबच्या गावी गेलं ते शोध आणि त्यांना फोन कर. आणि त्यांना पॅकिंग कसं केलं हे विचारू नकोस, सामान उतरवताना ते लोक कसे वागले हे विचार.

गुगलचे रिव्ह्यू पण असेच वाचायचे. पॅकिंग झालं की पोरं तिथेच उभं राहून फाइव्ह स्टार मागतात, आपणही देतो, तेव्हा सामान पोचलेलंही नसतं. त्यामुळे "टीम खूप छान, पॅकिंग मस्त" याला काही अर्थ नाही. एक स्टारवाले आधी वाच, आणि नवे आधी लाव. एकाच आठवड्यात वीस रिव्ह्यू सारख्याच शब्दांत असतील तर सोडून दे. "गाडी अडवली", "जास्त पैसे मागितले" हे शब्द दोन ठिकाणी जरी दिसले तरी पुढचा.

नावाच्या बाबतीत फार सांभाळ. या धंद्यात एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावासारखीच दिसणारी दहा नावं फिरत असतात, मागे-पुढे एक शब्द, लोगो तोच, रंग तोच. म्हणून जीएसटी नंबर माग, कोटेशनवरच छापलेला पाहिजे. जीएसटीच्या सरकारी साइटवर सर्च टॅक्सपेयर म्हणून आहे, लॉगिन लागत नाही, तिथे तो टाक. नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, चालू आहे का रद्द झालाय, सगळं दिसतं. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. आणि एक गंमत नाही तर कामाची गोष्ट, नंबरात पंधरा अक्षरं-आकडे असतात, त्यातलं सहावं अक्षर बघ, तिथे इंग्रजी सी असेल तर ती कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकट्या माणसाचा धंदा. एकट्याचा धंदा असण्यात काही गैर नाही, माझा तो वहीवाला तसाच होता, पण कोटेशनवर "प्रायव्हेट लिमिटेड" आणि नंबरात पी, म्हणजे तो पहिल्याच ओळीत खोटं बोललाय. शिवाय पैसे ज्या खात्यात मागतायत त्याचं नाव या नावाशी जुळलं पाहिजे. कुणाच्यातरी पर्सनल यूपीआयवर टाका म्हणाले की तिथेच थांब.

पत्ता दिसला ना, मग जाऊन ये. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत असेल, वाघोलीला असेल, रविवार सोडून कुठल्याही दिवशी एक तास काढ, दुपारी जा. खोके, ब्लँकेटं, गाड्या, हमाल दिसतायत का बघ. नुसतं एक टेबल आणि चार मोबाईल असतील तर ते दलाल आहेत, तुझं काम दुसऱ्याच कुणाला विकणार. सासूबाईंना पण घेऊन जा, म्हातारी माणसं समोरच्याला पटकन ओळखतात आणि त्यांना बरंही वाटेल की आपल्याला विचारात घेतलंय.

बँकवाले "आयबीए अप्रूव्हड" म्हणून कागद मागतात, आमच्याकडे तेच लागायचं. इंडियन बँक्स असोसिएशन ट्रान्सपोर्टवाल्यांची यादी ठेवते, तिच्या साइटवर बघता येते. तुझ्या नवऱ्याच्या कंपनीला ते लागतं का एचआरला आधी विचारून ठेव. लागत असेल तर यादीत नाव स्वतः बघ, कारण कोटेशनवर तो शिक्का कुणीही छापतो. आणि तुमचे पैसे बिलावर मिळणार आहेत, तेव्हा "बिल नको असेल तर ५ हजार कमी करतो" याला बळी पडू नकोस. पॅकिंग, चढवणं, नेणं, उतरवणं सगळं एकत्र घेतलं की बहुतेक जण १८ टक्के जीएसटी लावतात, भाव विचारतानाच जीएसटी धरून का सोडून ते विचार, नाहीतर ३५ हजारांचे ४१ हजार ३०० होतात आणि आपल्याला वाटतं फसवलं.

कोटेशनवर काय काय यायला हवं ते आता एका दमात सांगते, तिसरा मजला बिनलिफ्ट हे लिहिलेलं, तिकडे लिफ्ट आहे का आणि सामानाची लिफ्ट वेगळी आहे का ते लिहिलेलं, गाडी गेटबाहेर लांब उभी राहिली तर वेगळे पैसे की त्यातच, पॅकिंगचं सगळं सामान त्यातच, तिकडे पलंग जोडून देणं आणि खोके उघडून देणं त्यातच की नाही, टोल धरून, निघायची आणि पोचायची तारीख, आणि शेवटी "याव्यतिरिक्त कोणतेही पैसे घेतले जाणार नाहीत" ही ओळ. ही एक ओळ लिहून द्यायला जो कां-कू करतो त्याच्याकडे जाऊ नकोस.

इन्शुरन्सवर मला जरा जास्त बोलायचंय कारण माझे ६ हजार तिथेच गेले. ते म्हणतील सामानाची किंमत सांगा, त्यावर ३ टक्के. म्हणजे तू ४ लाख सांगितलंस तर १२ हजार. प्रश्न एवढाच, हे पैसे विमा कंपनीकडे जातात का यांच्याच खिशात? बऱ्याचदा यांच्याच खिशात, ते नुसतं जबाबदारीचं शुल्क असतं आणि बिल्टीच्या, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीच्या, मागे बारीक अक्षरात "मालकाच्या जोखमीवर" असं छापलेलं असतं. खरा ट्रान्झिट इन्शुरन्स असेल तर विमा कंपनीचं सर्टिफिकेट येतं, त्यावर तुझं नाव, कुठून कुठे, रक्कम आणि पॉलिसी नंबर असतो. तो कागद गाडी भरायच्या आधी हातात किंवा मेलवर पाहिजे. नंबर मिळाला की त्या विमा कंपनीला फोन करून पॉलिसी खरी आहे ना विचार, पाच मिनिटांचं काम. आणि त्यात फक्त अपघात, आग, गाडी उलटणं एवढंच आहे का फूटतूट पण आहे ते वाचून घे, कारण ट्रक काही रोज उलटत नाही, बरणी मात्र फुटते. सर्टिफिकेट देत नसतील तर ते ३ टक्के देऊ नकोस, त्याच पैशात चांगलं पॅकिंग घे.

ही बिल्टी, तिलाच एलआर म्हणजे लॉरी रिसीट म्हणतात, तिच्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. त्यावर गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, तुझा आणि तिकडचा पत्ता, खोक्यांची संख्या, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम. २००७ चा रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा कायदा आहे, त्यात सामानाचं नुकसान झालं किंवा हरवलं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्या वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तरच पुढे दावा करता येतो. आणि किंमत जास्त लावून तसं भाडं ठरवलेलं नसेल तर त्यांची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच, तीही तू जाहीर केलेल्या किमतीच्या वर नाही. म्हणून यादीत किंमत लिही, खरी लिही, "घरगुती जुनं सामान" एवढंच लिहून मोकळी होऊ नकोस.

यादी दोघांनी मिळून करायची, प्रत्येक खोक्यावर नंबर, आत काय ते तू तुझ्या वहीत लिही. टीव्ही चालू करून, फ्रीज, मशीन फिरवून आदल्या दिवशी मोबाईलवर शूट करून ठेव. कपाट चारी बाजूंनी शूट कर. पोरं यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे सवयीने "जुनं, स्क्रॅच" लिहित जातात, जिथे स्क्रॅच नाही तिथे खोडायला लाव, त्यांना राग आला तरी चालेल. फ्रंट लोड मशीनला पाठीमागे ट्रान्झिट बोल्ट असतात, बसवायला आला तेव्हा मेकॅनिकने काढून पिशवीत दिले असतील, ते आज रात्रीच शोध. ते न लावता मशीन ८०० किलोमीटर गेलं की ड्रमचं काय होतं ते मी बघितलंय. नाहीच सापडले तर सर्व्हिस सेंटरला विचार. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून पुसून कोरडा कर, गाडीत उभाच जायला हवा, आणि तिकडे गेल्या गेल्या लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू दे. टीव्हीचा मूळ खोका माळ्यावर असेल तर देव पावला, तोही उभाच न्यायचा, आडवा नाही.

अ‍ॅक्टिव्हाचं पेट्रोल काढून टाकतात, आरसे काढतात, आरसी आणि विम्याची कॉपी द्यावी लागते. मीटरचं रीडिंग फोटोसकट घे. वर्षाहून जास्त तिकडे ठेवणार असाल तर पुण्याच्या आरटीओची एनओसी आणि तिकडची नोंदणी लागेल, ते इथे असतानाच सुरू करून टाक, नंतर नुसत्या एनओसीसाठी पुण्याच्या चकरा होतात. गॅस सिलेंडर ट्रकमध्ये अजिबात नाही, भरलेला नाही आणि रिकामाही नाही. एजन्सीत सिलेंडर-रेग्युलेटर परत देऊन ट्रान्सफरचा कागद घे, डिपॉझिट मिळतं, त्या कागदावर तिकडे नवं कनेक्शन. दागिने, घराचे कागद, मुलीचा शाळेचा दाखला, सासूबाईंची औषधं आणि देव, हे सगळं आपल्याबरोबर. देव्हारा गाडीत जाऊ दे, देव पिशवीत घेऊन सासूबाईंच्या मांडीवर.

पैसे देताना टोकन कमीत कमी, हजार-दोन हजार, तेही घर बघून कोटेशन मेलवर आल्यावर. गाडी भरल्यावर ९० टक्के मागतील, सगळेच मागतात, तू ६० ते ७० वर तोड आणि उरलेले सामान उतरल्यावर, खोके मोजल्यावर. जो माणूस शेवटचे ३० टक्के तिकडे घ्यायला तयार आहे त्याला स्वतःच्या कामाची खात्री आहे असं मी धरते. चहापाण्याचं पण आधीच ठरवून टाक. तिसऱ्या मजल्यावरून सागवानी कपाट पाठीवर घेऊन उतरणाऱ्या माणसाला आपण प्रेमाने पन्नास-शंभर द्यावेत, पाणी, चहा, जेवायची वेळ असेल तर दोन घास, ते आपण देतोच, पण "माणशी पाचशे नाहीतर सामान खालीच ठेवतो" हे वेगळं, ते होऊ नये म्हणून सुपरवायझरसमोर आधी बोल.

आणि हे सगळं करूनही समजा मध्येच फोन आला, पैसे टाका तर गाडी सोडतो, किंवा बॉर्डरला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मागतायत, दंड भरायचाय. ई-वे बिलाचं तर खोटंच असतं, वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही, नियमातच सूट आहे, सामानाची सही केलेली यादी आणि आधारची कॉपी ड्रायव्हरकडे दिली की झालं. जादा पैशांचं म्हणशील तर फोनवर भांडू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर लिही, कोटेशनचा फोटो टाक, ठरलेली रक्कम इतकी, सामान अमुक वेळेपर्यंत पोचलं नाही तर तक्रार करते. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार, आणि पोलीस स्टेशन. पोलीस आधी म्हणतील हा दिवाणी मामला आहे. तेव्हा सांगायचं, की वाहतूकदाराने सोपवलेला माल स्वतःकडे अडकवून ठेवणं हा विश्वासघाताचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६, त्यात वाहतूकदारासाठी वेगळं पोटकलम आहे आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे नुसतं लिहून पाठवलं तरी पुष्कळदा गाडी हलते. २०१३ ला मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ऑनलाइन पैसे भरल्यावर माणूसच गायब झाला तर लगेच, त्याच तासात, १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. आणि नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोगात जायचं झालं तर तू जिथे राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बंगळूरला राहायला गेल्यावर त्यासाठी पुण्याला यायला नको, दोन वर्षांची मुदत असते.

दोन्ही सोसायट्यांना आत्ताच विचारून ठेव, इकडे एनओसी नि मेंटेनन्सची पावती, तिकडे सामान आत घ्यायच्या वेळा. बंगळूरच्या अपार्टमेंटांमध्ये रविवारी किंवा संध्याकाळनंतर सामान घेऊ देत नाहीत असं पुष्कळ ठिकाणी असतं, शहरात मोठ्या गाड्यांना दिवसा बंदीच्या वेळाही असतात. नवऱ्याला सांग गेटवरच्या सिक्युरिटीशी बोलून ठेव, गाडी नंबर देऊन ठेव. तारीख थोडी पुढेमागे होत असेल तर ३०-३१ आणि शनिवार-रविवार टाळ, महिनाअखेरीला सगळेच घरं बदलतात, २५-२६ च्या आसपासचा मंगळवार-बुधवार बघ, भावात फरक पडतो.

राहिल्या बरण्या. सासूबाईंना सांग लोणचं प्लास्टिकच्या घट्ट डब्यात काढून घ्या, बरणी धुऊन उन्हात कोरडी करून रिकामी न्यायची. आत जुनी पातळं कोंब, बाहेरून दुसरं पातळ, मग बबल रॅप, आणि झाकण वेगळं. त्यांचा खोका त्यांच्याच समोर भरू दे. पाट्याबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने आहे हं. चाळीस वर्षं ज्या पाट्यावर चटणी वाटली तो सोडून त्या परक्या गावी, परक्या भाषेत कशा रुळतील, आणि गाडीला त्या वजनाने काही होत नाही. फक्त तो खोक्यात भांड्यांबरोबर नको, गोणपाटात वेगळा बांधायचा, वरवंटा वेगळा, सर्व्हेला येईल त्याला आधी पाटाच दाखव आणि यादीत एक नंबरला लिहून घे, म्हणजे तो गाडीत सगळ्यात आधी, तळाशी जाईल. ती तीन कोटेशनं आली की मला परत लिही, नावं झाकून फोटो पाठवलेस तरी चालेल, बसून बघू.